कुंपणातला सोनार

२ मार्च

प्रिय गवत्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. काम आहे म्हणून लिहिते आहे, आणि काम तुझ्याच खात्यातलं आहे.

आईच्या आजारपणात मी या घरात आले ती इथलीच झाले, हे तुला माहीत आहे. ती गेल्यापासून वर्षभर मी बागेला फक्त पाणी घातलं. पाण्याला काय, लावलेलं आणि आपोआप आलेलं सारखंच. आता मागच्या दारातून कुंपणापर्यंत जायचं तर फांद्या हाताने बाजूला कराव्या लागतात.

तर गोष्ट अशी. नातीच्या पाळणाघराच्या बाई त्यांच्या लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. चिरंजीव आणि सूनबाई दोघं सकाळीच कामावर जातात. पोरीला ठेवायचं कुठे? मी म्हटलं, माझ्याकडे. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई दिवसभर दुसरं करते काय? पण सूनबाई म्हणाली, "घर चालेल, बाग चालणार नाही."

तिचं काम तुला ठाऊक आहे, विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. दिवसभर तेच वाचून तिला जिना दिसला की मोडलेला पाय दिसतो आणि चहाचा कप दिसला की भाजलेला हात. तिने मला बागेत उभं केलं आणि विचारलं, "आई, यातलं प्रत्येक झाड तोंडात गेलं तर काय होईल, ते मला सांगा." नातीचं नाव आम्ही भिंगरी ठेवलंय, यावरून समज. तीन वर्षांची आहे, आणि जे दिसेल ते आधी तोंडात आणि मग हातात असा तिचा क्रम आहे. मला एकाही झाडाचं सांगता आलं नाही.

आईने कुठल्या झाडाला कधी त्याच्या नावाने हाक मारली का रे? ज्याने रोप दिलं त्याच्या नावाने ते झाड. मी आपली सूनबाईला दाखवत गेले, पायरीजवळची ही नर्सबाई, नळाजवळचा हा पोस्टमास्तर. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आता बागेबरोबर सासूचाही दावा तपासायला घ्यावा लागणार.

चिरंजीव म्हणतो, सगळं उपटू आणि फरशी घालू, आठवड्याचं काम.

मला दोन्ही हवं आहे, बागही आणि नातही. पण एकच मिळणार असेल तर मी नात घेणार, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून आईच्या झाडांवरून माझ्याशी भांडू नकोस. तू उभं आयुष्य त्या संग्रहालयात वाळलेली झाडं ओळखण्यात काढलंस. आता घरची ओळख. मी मोबाइलवर फोटो पाठवू का?

लहानपणी आई हात धरल्याशिवाय आपल्याला बागेत सोडायची नाही, आठवतं? मी धरून असायचे. तू हात सोडवून पळायचास आणि मूठभर तण उपटून आणायचास. गवत्या नाव काही उगीच पडलं नाही.

वाट बघते.

ताई

११ मार्च

प्रिय ताई,

फोटो मुळीच पाठवू नकोस. फोटोतलं पान गप्प बसतं. मला ते हातात हवं, बोटांनी चाचपायला हवं, नाकाशी धरायला हवं. माझ्या धंद्यातली माणसं अशीच जुनाट असतात.

फांदी अशी कापायची की पान, देठ, फूल, फळ सगळं एकत्र येईल. कापडासारखं जुळवून एक पान इथलं, एक फूल तिथलं असं करू नकोस. वर्तमानपत्राच्या घडीत ठेव, वर जड पुस्तकं ठेव आणि आठवडाभर विसरून जा. आणि हात जोडून एक विनंती, सुंदर करायला जाऊ नकोस. शाळेत पोरींच्या शिवणाचे लोंबणारे दोरे कापत आलीस, तो हात इथे आवर. किडकं पान, वाळकी शेंग, वेडावाकडा देठ, सगळं तसंच येऊ दे. झाडं त्यांच्या गबाळेपणावरूनच ओळखू येतात.

प्रत्येकाबद्दल लिही. पान चुरगळल्यावर वास कसला? तोडल्यावर चीक येतो का, दुधासारखा की पाण्यासारखा? पान खरखरीत की लुसलुशीत? नंतर साबणाने हात धू, आणि तेच हात डोळ्यांना लावू नकोस. लिहिताना काळी शाई घे आणि अक्षर जरा मोठं काढ. तुझं अक्षर मुंग्यांची रांग निघाल्यासारखं असतं आणि इथले दिवे मेले मिणमिणते.

तुझी नर्सबाई मला आत्ताच संशयास्पद वाटते. लांब निमुळती पानं, गुलाबी फुलं, बरोबर ना? तिच्यापासून पोरीला लांब ठेव. खरं तर माझं पत्र येईपर्यंत सगळीच झाडं विषारी समज.

सूनबाईचा प्रश्न चोख आहे. आमच्याकडे येणारे लोक झाड किती सुंदर आहे ते सांगत बसतात. तोंडात गेलं तर काय, हे विचारणारं मला फार दिवसांनी भेटलं. तिला तसं सांग, किंवा राहू दे, सासूच्या तोंडून ते कौतुकासारखं वाटायचं नाही.

फरशी घालण्याआधी मला एक संधी दे.

गवत्या

२० मार्च

प्रिय गवत्या,

सोबत चार पुड्या आहेत. बाकीची झाडं पुढच्या खेपेला, आधी ही दारातली आणि पोरीच्या हाताला येतील अशी.

तुझी सगळी पथ्यं पाळली, एक सोडून. आठवडाभर कोण थांबणार? मी कागदात ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली. काय सुरेख सपाट झालीत बघ! पाकीट उघडशील तेव्हा बहिणीचा अभिमान वाटेल. नाही म्हणायला थोडं नीटनेटकंही केलं. चौथ्याच्या वाळक्या शेंगा तेवढ्या काढल्या, त्यांनी पाकीट फुगत होतं, आणि देठ कापून सारखे केले.

नर्सबाई तू म्हणतोस तशीच आहे. पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. पोस्टमास्तरची पानं रुंद, त्यांवर पांढरे शिंतोडे, खोड बोटाएवढं जाड आणि रसाळ. मागच्या भिंतीवरचा बेकरीवाला, त्याची पानं चुरगळली की लसूण ठेचल्यासारखा वास सुटतो, मला आधी वाटलं शेजारी स्वयंपाक चाललाय. आणि चौथं कुंपणातलं. चिंचेसारखी बारीक पानं, फिकट गुलाबी फुलं वाटाण्याच्या फुलांसारखी, चीक नाही, वास नाही, अगदी गरीब. आई कोणाला काय म्हणायची ते प्रत्येक पुडीवर चिठ्ठी टाचून लिहिलं आहे. काळी शाई घरात नव्हती, निळ्यावर भागवून घे.

रविवारी सगळे आले होते. सूनबाईने पोरीला कडेवर घेऊन बाग दाखवली, पण खाली काही उतरवलं नाही. पोर दोन्ही पाय हवेत मारतेय, हिचा हात घट्ट. मी म्हटलं, "अगं, जमीन तरी विषारी नाही." तर म्हणाली, "तेही मामांना विचारून घ्या."

खरं सांगू? मला राग आला. आईने इथे दोन मुलं वाढवली, आणि ही बाई माझ्या अंगणात पाय ठेवताना चप्पल झटकते. माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हणावं. झाडांच्या आडून कशाला बोलायचं?

जाऊ दे. तू लवकर कळव. पोर सध्या शेजारणीकडे असते, आणि ती शेजारीण दिवसभर टीव्ही लावून बसते.

ताई

२ एप्रिल

प्रिय ताई,

इस्त्री! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इस्त्री केलेला नमुना पहिल्यांदाच आला. वास पार मेला त्याचा. असो, कॉलर मात्र ताठ आहे.

आता निकाल. नर्सबाई म्हणजे कण्हेर. पान, फूल, देठ, मूळ, सगळं विषारी, थोडंसंही पोटात गेलं तर हृदयावर जातं. काढून टाका. हातमोजे घाला आणि तोडलेल्या फांद्या चुकूनही जाळू नका, धूरही बाधतो. पोस्टमास्तर म्हणजे डायफेनबेकिया. पान चावलं की जीभ आणि घसा सुजतो, पोरीच्या आसपास नको. बेकरीवाला लसणवेल, कोणाला काही करत नाही, भिंतीवर सुखाने राहू दे.

चौथं कुंपणातलं शेवरीच्या गोतावळ्यातलं आहे. बारीक पानं, वाटाण्याच्या घराण्यातली फुलं. निर्धोक. राहू दे.

हे पत्र सूनबाईला दाखव. पुढची खेप पाठवशील तेव्हा कृपा करून इस्त्रीचं बटण बंद ठेव.

शेजारणीचा टीव्ही हे मात्र कण्हेरीच्या खालोखाल विष आहे. पोरीला लवकर घरी आण.

गवत्या

१४ एप्रिल

प्रिय गवत्या,

जिंकलास! सूनबाईने तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा 'निर्धोक' या शब्दावर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, "मामा नेमकं लिहितात." तिच्या तोंडून एवढं म्हणजे लग्नात बँड वाजल्यासारखं आहे.

नर्सबाई गेली. चिरंजीवाने हातमोजे घालून मुळासकट काढली. मला थोडं रडू आलं, पण नात की नर्स असा सवाल होता. पोस्टमास्तरला कुंडीत घालून गच्चीवर चढवलं, तिथल्या दाराला कुलूप आहे. बाकीची झाडं ओळखून होईपर्यंत पोरीने कुंपणाच्या कडेलाच खेळायचं असं ठरलं, कारण तिथे बेकरीवाला आणि तुझी शेवरी, दोघंही सज्जन. रविवारी सूनबाईने तिला पहिल्यांदा जमिनीवर उतरवलं. ती नुसती उभी राहिली, मग एवढी गरागरा फिरली की तिला नाव ठेवणाऱ्याचं सार्थक झालं. येत्या महिन्यापासून रोज माझ्याकडे!

आता एक गंमत. तुझ्या शेवरीच्या वाळक्या शेंगा मध्यंतरी उन्हात तडकल्या आणि आतून काय निघावं? गुंजा! त्या लालभडक, डोक्यावर काळा ठिपका असलेल्या, आईच्या बटणांच्या डब्यात असायच्या त्याच. मला आयुष्यभर वाटत होतं की त्या बाजारातून येतात. आपल्याच कुंपणात लटकत होत्या.

माझ्या जुन्या जांभळ्या ब्लाउजची मी भिंगरीला बाहुली शिवली आणि डोळ्यांना दोन गुंजा लावल्या. काय टवटवीत नजर आलीय! भोक पडता पडेना, शेवटी दाभण तापवून आरपार घातलं. पोरीने घरी नेली आणि चिरंजीव सांगत होता, तिला कुशीत घेतल्याशिवाय झोपत नाही, चघळून चघळून बाहुलीचा एक कान ओला चिंब केलाय. उरलेल्या गुंजांची मी तिला माळ ओवणार आहे.

एक पत्र तुझं, आणि घरात किती आनंद आला बघ.

तुझी ताई

२० एप्रिल

गवत्या,

त्या दिवशी परत आल्यावर मी तुला उलट फोन केला. फोनवर एवढंच म्हणाले होते की पोर ठीक आहे. बाकीचं आता लिहिते.

तू कधी फोन करत नाहीस. त्यामुळे तुझा आवाज ऐकला तेव्हाच मी हातातलं शिवण खाली ठेवलं. "ताई, बाहुली कुठे आहे?" एवढंच तू विचारलंस. मग म्हणालास, गुंज अख्खी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, पण भोक पाडलेली चघळली तर एकच पुरते. भोक मी पाडलं होतं, माझ्या हाताने, दाभण तापवून.

चिरंजीवाचा फोन लागेना, सूनबाई उचलेना. मी पायात एक चप्पल, एक सपात घालून रिक्षात बसले. रिक्षावाल्याने विचारलं, "कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, जोरात चालव. सारखी ती बाहुली डोळ्यांपुढे, आणि तिचा तो ओला कान.

दार चिरंजीवाने उघडलं. पोर कोचावर झोपली होती, बाहुली तिच्या गळ्याखाली. मी बाहुली ओढून काढली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. दोन्ही डोळे नव्हते.

मी तिला गदागदा हलवून उठवलं. "डोळे कुठे गेले? खाल्लेस? सांग, तोंडात घातलेस?" ती एवढी घाबरली की भोकाड पसरलं. तिचं तोंड उघडून मी आत बोट फिरवत होते. चिरंजीव ओरडतोय, "आई, काय करतेस?" तेवढ्यात पोर हुंदक्यातून म्हणाली, "आईने काढले."

सूनबाई आतल्या खोलीतून आली. माझं तोंड बघून काही न विचारता तिने कपाट उघडलं, चष्म्याची रिकामी डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत दोन्ही गुंजा होत्या. बाहुली घरात आली त्याच संध्याकाळी तिने कात्रीने दोरा कापून त्या काढल्या होत्या. विषाचं तिलाही माहीत नव्हतं. "लहान वस्तू, एका दोऱ्यावर. असं मी कागदावर फार वाचलंय, आई," म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. त्या जुन्या दिसल्या, तुमच्या आईच्या असतील म्हणून टाकवल्या नाहीत. काळ्या दोऱ्याने डोळे शिवणार होते, पण मला टाके येत नाहीत."

गवत्या, मी तिला मिठी मारली आणि रडले. इतकी वर्षं ती आपल्या कुटुंबात आहे, पण असं मी तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. ती आधी ताठ उभी राहिली, मग तिनेही माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला मी काय काय म्हटलं होतं ते तुला लिहिलंच आहे. ते पत्र फाडून टाक.

मग सुई-दोरा मागून मी तिथेच बसले आणि बाहुलीला दोऱ्याचे डोळे शिवले. सूनबाई शेजारी बसून टाका बघत होती.

आता तुझ्याकडे वळते. पहिल्या फोनवर मी सोनाराचं नाव घेतल्यावर तू दोनदा म्हणालास, "सोनाराने दिलेला वेल आहे हे मला आधी सांगितलं असतंस तर." अरे, सांगितलं होतं. पुडीवर चिठ्ठी टाचली होती, 'सोनार' असं लिहून. सोनार गुंजांनी सोनं तोलायचे, हे तर तू झोपेतसुद्धा सांगशील. मग?

मी तुझी सगळी पत्रं काढून बघितली. मार्चमधल्या पत्रातलं अक्षर तुझं आहे. एप्रिलमधलं दुप्पट मोठं आहे, आणि ओळी उजवीकडे उतरत जाऊन कोपऱ्यात एकमेकींवर पडल्यात. काळी शाई हवी, मोठं अक्षर हवं, फोटो नको, वास सांग, खरखरीत की लुसलुशीत सांग. मी आपली म्हणत राहिले, साहेबी भिनलीय याच्या अंगात.

तुला दिसतं का रे नीट? मला खरं सांग.

ताई

२८ एप्रिल

प्रिय ताई,

हे अक्षर माझं नाही. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाई लिहितायत, मी सांगतो आहे. तुझं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. दोनदा थांबल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही.

नाही, दिसत नाही. म्हणजे अंधार नाही, तसं समजू नकोस. कडेकडेचं दिसतं. खिडकी, दार, येणारा माणूस. पण ज्याच्याकडे बघावं तेवढं नेमकं नाहीसं होतं. पान समोर धरलं की टेबल दिसतं, हाताचा कोपर दिसतो, पान दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही. आधी भिंगाने निभावत होतो, मग बोटांनी आणि नाकाने. कण्हेर बोटांना कळली, लसणवेल नाकाला कळली, डायफेनबेकिया तू लिहिलेल्या वर्णनावरून कळली. चौथ्याला ना वास, ना चीक. चिठ्ठी टाचलेली मला कळली होती. तुझं पत्र घरी शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं होतं, पण पुड्या ऑफिसातच उघडल्या, आणि चिठ्ठी मला वाचता आली नाही. कोणाला वाचून दाखवा म्हणालो असतो तर ऑफिसभर झालं असतं.

आणि शेंगा काढल्याचं तू लिहिलं होतंस, तेव्हाच मी त्या मागवायला हव्या होत्या. झुडूप आहे की वेल, एवढंही विचारलं नाही. तुझी इस्त्री आणि तुझी कात्री यांना मी दोष देणार नाही. मी अंदाज केला, आणि त्या अंदाजावर 'निर्धोक' असं लिहिलं. सूनबाईने त्या शब्दावर बोट ठेवून वाचलं हे तू लिहिलंस, तेव्हापासून ते बोट माझ्या डोक्यातून जात नाही.

परवा साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पंधरा-वीस दिवसांत टेबल रिकामं करायचं आहे. गेल्या वर्षात मी ओळखलेले सगळे नमुने पुन्हा तपासले जातील, ते मीच मागून घेतलं.

आता बागेचं. वेल आधी काढा, शेंगा एकेक वेचून काढा, जमिनीवर सांडलेले दाणेसुद्धा. मग बाकीचंही सगळं उपटा आणि फरशी घाला. ओळखणारा मी होतो, आणि आता मला ओळखता येत नाही. आईच्या झाडांवरून मी तुझ्याशी भांडणार नाही. नात घे.

गवत्या

(ताई, मी एक ओळ माझ्या मनाने घालते आहे. हे रोज डबा न खाता परत नेतात. लेखनिक.)

७ मे

प्रिय गवत्या,

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि बाई, हे वाचताय तुम्ही, तर आधी याला डबा खायला घाला आणि मग पुढे वाचा.

वेल काढला. सूनबाईने दोन दिवस रजा घेतली. ती आणि मी गुडघ्यांवर बसून चाळणीने माती चाळत होतो, एकेक दाणा बाटलीत. पोरीला चिरंजीवाने घरातच ठेवलं होतं. मधेच सूनबाई म्हणाली, "आई, या बागेत अजून किती झाडं ओळखायची राहिलीत?" मी म्हटलं, "आता काय, फरशीच." आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं.

तिने चाळणी खाली ठेवली. मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "आमच्याकडे एखाद्या तपासनिसाची नजर चुकली तर त्याच्या जोडीला दुसरा माणूस देतात. चूक लपवणाऱ्याला काढतात. मामांनी पत्र वाचल्या वाचल्या फोन केला. मला असा माणूस चालेल. त्यांना इथे बोलवा."

मी म्हटलं, तो यायचा नाही, मानी आहे, म्हणेल आंधळ्याने काय विषारी झाडं ओळखायची. तर म्हणाली, "बघायचं काम आम्ही करू. काय बघायचं ते त्यांनी सांगायचं."

मी तुझी ताई आहे, म्हणून तुला एक सांगते, जे कोणाला सांगितलं नाही. शेवटची दोन वर्षं आई बागेत जाताना म्हणायची, "हात धर गं, ओलं आहे, घसरशील." रोज म्हणायची. कडक ऊन असलं तरी म्हणायची. मी हसायचे आणि धरायचे. एकदा मी हात धरायला विसरले, तर ती पायरीवरच उभी राहिली, आत जाईना. मग मी धरला आणि पुन्हा कधी विसरले नाही. तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिने शेवटपर्यंत सगळ्या झाडांना पाणी घातलं, एकही चुकलं नाही.

तेव्हा ये. मला नात मिळाली, पण मला भाऊही हवा आहे. आता मी एकाच गोष्टीवर समाधान मानणार नाही.

आणि तोवर ही परीक्षा. नळामागे एक झाड आहे. इस्त्री नाही, कात्री नाही, पाकीटही नाही, नुसतं वर्णन. खोड मी बघितलं: सरळ, पोकळ वाटतं, गुडघ्याच्या वर जातं, लालसर झाक. पान सूनबाईने बघितलं: जाड, रसाळ, वास नाही, चीक नाही, पाणी येतं, कडेला कंगोरे, तीन पानं किडकी आहेत तीही नोंदवा म्हणते. आणि एक पान मातीत गळून पडलं होतं ते भिंगरीने लांबून बघितलं, हात मागे बांधून, आईच्या हुकमाने. ती ओरडली, "पानाला पिल्लं झाली!" खरंच, कडेच्या प्रत्येक खाचेतून एकेक इवलं रोप फुटलंय, मुळांसकट. आई हिला 'दाईबाई' म्हणायची. आता चिठ्ठी वाचली नाही म्हणू नकोस.

ताई

१६ मे

प्रिय ताई,

हे मी स्वतः लिहितो आहे. बाई म्हणाल्या, या वेळी तुमचं तुम्ही लिहा. पट्टी ठेवून लिहितोय, तरी ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील तर सोडवून वाच.

ती पानफुटी आहे. सूनबाईच्या कंगोऱ्यांवरून निम्मी कळली आणि पोरीच्या पिल्लांवरून पक्की झाली. गुरांना बाधते, तेव्हा पोरीच्या तोंडात जाऊ द्यायची नाही. पण उपटायचीही नाही. कुंडीत घालून उंचावर ठेवा. तिघींचं वर्णन मी साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, आमच्या नव्या मुलांना इतकं नीट बघायला शिकवा. मी म्हटलं, माझी गाडी ठरली आहे.

शनिवारी सकाळी पोचतो. स्टेशनवर चिरंजीवाला पाठव. मला तो गर्दीत ओळखू यायचा नाही, त्याने मला ओळखावं. सामान थोडंच आहे.

आईचं वाचून दिवसभर काही सुचलं नाही. बाकीचं तिथे आल्यावर बोलू.

भिंगरीला मात्र आत्ताच सांगून ठेव. मामाआजोबांचा हात धरल्याशिवाय बागेत पाऊल टाकायचं नाही. ओलं असतं, घसरायला होतं. नियम कडक आहे.

नियम तिच्यासाठी आहे, असंच तिला वाटू दे.

गवत्या